अक्षयनीवी आणि खताचे पोते

आषाढ लागला, रोपे वीतभर झाली आणि औंढ्याच्या खाचरांत पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात बायांची ओळ वाकून उभी राहिली, म्हणजे लोहगडाकडून येणाऱ्या सरी त्या पाठींवर ज्या आवेशाने कोसळतात, तो एकदा पाहिलेल्या माणसाला आमच्या मावळात वस्त्र हा केवळ शोभेचा विषय कधीच नव्हता, हे निराळे सांगावे लागत नाही. गेल्या आषाढात बांधावर छत्री धरून उभा असताना माझे लक्ष ओळीतल्या एका बाईकडे गेले. खताचे रिकामे पोते तिने उभे धरले, तळाचा एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला, त्याची टोपी झाली. ती डोक्यावर चढवून उरलेले पोते तिने पाठीवर सोडले आणि ती पुन्हा लावणीला वाकली. सारे काम चार श्वासांत झाले. पोत्यावर नत्राचे शेकडा प्रमाण छापलेले होते आणि ते बरोबर तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये आले होते. हीच घडी तिची आजी घोंगडीला घालीत असे आणि तिला खोळ म्हणत. पोत्याच्या टोपीलाही आम्ही खोळच म्हणतो.

खोळीच्या जोडीला इरले असे. ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांच्यासाठी सांगतो की बांबूच्या पातळ कामट्यांची मोठ्या डोळ्यांची दोन जाळीदार विणकामे एकमेकांवर बसवून त्यांच्या मध्ये पळसाची किंवा रानात मिळतील ती रुंद पाने कौलांसारखी एकावर एक रचीत आणि कडा वळून बांधून टाकीत. पुढचे टोक डोक्यावर बसेल असे निमुळते, मागचा भाग कंबरेखालपर्यंत पाठ झाकील असा फुगीर, अशी पालथ्या होडीसारखी ती आकृती पाहताच हे अंगावर घालायचे आहे की ह्याखाली कोंबड्या झाकायच्या आहेत, असा प्रश्न मुंबईच्या पाहुण्यास पडावा. परंतु वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे ठेवून पाठीवरचे पाणी मागच्या मागे उतरवून देणारे याहून शहाणे साधन मला ठाऊक नाही. छत्री ही उभ्या माणसासाठी आहे. शेतातला माणूस पावसात उभा नसतो. आमच्या घराच्या माळ्यावर एक इरले पुष्कळ वर्षे पडून होते. पाने गळून त्याचा भुगा झाला, कामट्यांना भुंगा लागला, आणि शेवटी ते चुलीत गेले. त्यावेळी मला काही विशेष वाटले नाही, हेही कबूल करतो.

इरल्यास वस्त्र म्हणावे काय, असा आक्षेप कोणी काढील. माझे म्हणणे असे की वेष म्हणजे शरीराने आपल्या कामासाठी आणि आपल्या हवेसाठी घेतलेले दुसरे अंग; मग ते सुताचे असो, लोकरीचे असो की कामट्यांचे. हल्ली मात्र ‘पारंपरिक वेशभूषा’ हा शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनाने, महिला दिनाच्या कार्यक्रमाने आणि पाडव्याच्या शोभायात्रेने इतका आपल्या ताब्यात घेतला आहे, की वेष ही वर्षातून दोनदा भाड्याने आणावयाची वस्तू आहे, अशी एका अख्ख्या पिढीची समजूत झालेली दिसते. भाड्याची वस्तू कोणी तरी कधी तरी हाताने बनवलेली असते, आणि ते हात कोणाचे, हे पावतीवर लिहिलेले नसते.

याचा अनुभव मला घरच्याच लग्नकार्यात आला. नातीला खणाची चोळी हवी होती; हुकांचा ब्लाउज नव्हे, पुढे गाठ मारावयाची जुन्या बेताची चोळी. बाजारातल्या एका चांगल्या चालत्या दुकानात खण दिला. शिंपी सज्जन होता, तो म्हणाला, “काका, तसली चोळी आता कोण शिवतं? ब्लाउज शिवून देतो, दिसायला तीच.” आठ दिवसांनी जे हाती आले त्यात खणाचा काठ, जो दंडाच्या कडेला झळकावयाचा, तो शिवणीच्या पोटात गेला होता, आणि कापून उरलेल्या कापडाची एक चिंधीची पिशवी सोबत होती. मुलीने ते घातले, फोटो निघाले, कोणाला काही कळले नाही. परंतु शेजारच्या आळीतल्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या एका आजींनी ते पाहिले, काही न बोलता त्या घरी गेल्या आणि ट्रंकेतून आपली एक जुनी चोळी घेऊन आल्या. ती त्यांनी उलटी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

वस्त्र समजून घ्यावयाचे तर ते उलटे करावे, हे त्या दिवशी मी शिकलो. पाठीचा एक सलग तुकडा, छातीचे दोन, बाह्यांचे दोन, आणि काखेत बसवलेला एक तिरपा लहानसा तुकडा, ज्याच्यामुळे हात वर नेला तरी चोळी वर चढत नाही. तो काखेतला तुकडा कोठून आला, तर गळा कापताना जे निघाले त्यातूनच. काठ दोन्ही बाह्यांच्या कडांना नेमका आलेला, कारण खण विणतानाच त्याला दोन्ही बाजूंनी काठ असतो आणि कापणाऱ्याने तो ध्यानात धरूनच पहिली घडी घातलेली असते. शिवण सगळी हाताची. हुक नाही, बटण नाही. दोन टोके पुढे ओढून गाठ मारली की झाले, आणि म्हणून ती एकच चोळी लग्नात, बाळंतपणाआधी, बाळंतपणानंतर आणि उतारवयातही त्याच बाईच्या अंगाला बसत राही. मापाची चिठ्ठी नव्हती. गाठच माप घेत असे. आजी म्हणाल्या, “बाळा, कातर लावायच्या आदी खण चार येळा घडी करून बगायचा. काठ कुटं पडतोय ते घडीतच कळतंय. आताच्या पोरांना कातर पयली लागती.” शिकवाल का कोणाला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते या लेखाच्या अखेरीस सांगण्याइतके नाट्यमय नाही, म्हणून येथेच सांगून टाकतो: “शिकून कुणाचं शिवंल ती?”

वेषसंवर्धनाचा सारा प्रश्न या चार शब्दांत आहे, आणि आपल्याकडील बहुतेक योजना या चार शब्दांना बगल देऊन आखल्या जातात, असे माझे मत आहे.

एक गैरसमज आधी दूर करावयास हवा. मावळी वेष मावळात कधीच संपूर्ण बनत नव्हता. इरले तेवढे इथले. बांबू इथल्या डोंगरातला, हात इथल्याच वाडीतला. घोंगडी देशावरून येई. मेंढी धनगराची, सूत धनगरणीने काढलेले, विणणारा सनगर, खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसलेला, आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ लावून तो उन्हात ताणलेला. दिवाळीनंतर कळप घेऊन घाटाकडे उतरणारे मेंढके आमच्या खाचरांत मेंढ्या बसवीत, शेतकरी त्याबद्दल धान्य देई, आणि या देवघेवीच्या जोडीने घोंगड्यांचीही देवघेव चाले. खण यायचा तो थेट कृष्णेपलीकडून, बदामीजवळच्या गुळेदगुड्डहून. लुगडे इरकली असेल तर तेही त्याच मुलखातले. म्हणजे औंढ्याच्या खाचरात उभी असलेली बाई तीन मुलखांचे हात अंगावर घेऊन उभी असे. वेषाची शुद्धता आपल्या शिवेच्या आत शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. आणि जतन करावयाचे तर एका गावाची कला म्हणून न करता या देवघेवीच्या वाटा मोकळ्या ठेवूनच करावे लागेल.

आता शासनाच्या तजविजींकडे वळू. शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याच्या एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरणात, जे २०२३ ते २०२८ या मुदतीसाठी आहे, पैठणी, हिमरू, करवत काटी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक वस्त्रांना नावानिशी स्थान दिलेले आहे, आणि ती विणणाऱ्या नोंदणीकृत विणकरांस गणेशोत्सवात उत्सव भत्ता, पुरुषास १० हजार व स्त्रीस १५ हजार रुपये, देण्याची तरतूद आहे. घोंगडी आणि खण ही दोन नावे पैठणीच्या पंक्तीला बसलेली पाहून मला मनापासून आनंद झाला. परंतु उत्सव भत्ता हा शेवटी सणाची पोस्त आहे. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मागावरचा माल कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर पोस्त देत नाही.

आणि याच धोरणाच्या पोटात एक दुसरी तरतूद आहे, जिच्याकडे पाहून मला हसावे की रडावे ते समजेना. अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या प्रत्येक कुटुंबास वर्षाला एक साडी मोफत द्यावयाची. अशी कुटुंबे राज्यात २५ लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे वर्षाला २५ लाख साड्यांची हुकमी, न चुकणारी, सरकारी तिजोरीतून दाम चुकता होणारी मागणी! कोणत्याही कारागिराने स्वप्नात पाहावी अशी ही मागणी आहे. ती दिली गेली यंत्रमागास. ज्या दरात ती साडी घेतली जाते त्या दरात हातमागाचे लुगडे येणार नाही, हा हिशेब मलाही समजतो, आणि गरिबाच्या घरी साडी लवकर पोहोचावी यात मतभेद नाही. यंत्रमागावर राबणारा कामगारही काही श्रीमंत नव्हे. तरी शंभरात एक साडी, म्हणजे अवघ्या २५ हजार, हातमागाच्या घेतल्या आणि फरकाची रक्कम पोस्तीच्या खात्यातून भरून काढली, तर कारकुनाच्या हिशेबात फारसा फरक पडणार नाही, पण विणकराला जानेवारीत कळेल की डिसेंबरपर्यंत माग बंद पडणार नाही. पोस्त त्याला एक दिवस देते; मागणी त्याला वर्ष देते.

हा विचार माझा नवा नाही. तो एकोणीस शतकांचा जुना आहे आणि दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने लेणे दिले आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव दिली. लेखात तिला अक्षयनीवी म्हटले आहे. ही ठेव त्याने कोणाकडे ठेवावी? सावकाराकडे नाही, राजाच्या खजिन्यात नाही. नाशिकजवळच्या गोवर्धनात राहणाऱ्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे वर्षाचे होतात दोनशे चाळीस, आणि त्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असा लेखात हुकूम आहे. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब कवडीला जुळतो! हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून, फलकावर रीतसर नोंदवल्याचाही दाखला तेथेच आहे.

याच उषवदाताने आमच्या शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यांस, ज्यांना तेव्हा वलूरक म्हणत, करजिक नावाचे गाव दिले, आणि तेही वर्षावासाला राहणाऱ्यांच्या योगक्षेमासाठी. पावसाळा, वस्त्र आणि तजवीज ही तीन टोके या सह्याद्रीत एकत्र बांधण्याची रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे. परंतु मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती निराळीच. त्या काळात कोष्ट्यांची श्रेणी पैसे ठेवून घेत होती. लोक तिच्यावर विश्वास टाकीत होते. ती व्याज देत होती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांच्या कारागिरांस, त्यांत शिंपीही आहे आणि टोपल्या-चटया विणणाराही, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. योजना चांगलीच आहे. पण तिच्यात कारागीर हा कर्जदार आहे. नाशिकच्या लेखात तो पेढी होता. दोन सहस्रकांत आपण कारागिराला पेढीवरून उठवून अर्जदारांच्या रांगेत उभे केले, आणि मग त्याची कला लुप्त होते म्हणून परिसंवाद भरवले.

भौगोलिक मानांकनाबद्दलही दोन शब्द लिहावेसे वाटतात. पुणेरी पगडीस ते २००९ साली मिळाले, पैठणीस २०१०च्या सुमारास, कोल्हापुरी चपलेस २०१९ साली. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन-सोहळ्यात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे झळकली, महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि त्या नामांकित कंपनीस त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे मान्य करावे लागले, तेव्हा मानांकनाचे महत्त्व सर्वांना पटले. नाव राखले जाते, ही गोष्ट लहान नाही. तथापि मानांकन हे मालाच्या नावाचे सनदपत्र आहे, हाताच्या पोटाची सोय नव्हे. पुणेरी पगडी सनदशीर झाली, आणि आज ती बहुधा सत्काराच्या व्यासपीठावर, ज्याच्या डोक्याला ती बसत नाही अशा पाहुण्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट ठेवण्यासाठी विकत घेतली जाते. असो, निदान घेतली तरी जाते.

घोंगडीचे दुखणे आणखी मुळाशी आहे. दख्खनी मेंढीची काळी-करडी, राठ लोकर ही तिची प्रकृती. ती राठ आहे म्हणूनच पाणी झटकते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. परंतु बाजारात आता मेंढीचा भाव मांसावर ठरतो. म्हणून जत भागातल्या माडग्याळ जातीशी संकर वाढला, जी अंगाने मोठी आणि लोकरीने उणी. लोकरीला भाव नाही म्हणून अनेक ठिकाणी मेंढ्या कातरल्यावर ती तशीच टाकून दिली जाते. कातरणाऱ्याची मजुरीदेखील तिच्यातून सुटत नाही. मग सूत कोण काढणार आणि सनगराच्या मागावर काय चढणार? कला हातात असते हे खरे, पण हातात कापूस-लोकर-बांबू काही तरी असावे लागते.

कायदा कारागिराच्या बाजूस नाही असेही नाही. हातमागासाठी काही वस्त्रे राखून ठेवणारा कायदा १९८५चा आहे. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पहिल्या यादीत बावीस प्रकार होते, ते पुढे अकरावर आले. त्या अकरांत कांबळ्या अजून आहेत, म्हणजे कायद्याप्रमाणे घोंगडीच्या जातीची वस्त्रे यंत्रमागावर विणता येत नाहीत. रस्त्याकडेच्या कोणत्याही दुकानात जाऊन हात लावून पाहावे, म्हणजे कायदा दप्तरात आणि कांबळे मांडणीवर कसे सुखेनैव नांदतात ते कळेल. २०२० साली, सात ऑगस्टच्या हातमाग दिनाला पंधरवडाही उरला नसताना, केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच रद्द केले. मंडळे फार काही करीत नसत, हे मान्य. पण कोष्ट्याचे म्हणणे सरकारात बसून ऐकण्याची एक खुर्ची तरी त्यांच्या निमित्ताने होती.

माझे टीकाकार येथे म्हणतील की सरकारी मागणीवर कला जगवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने नुकताच करून पाहिला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शालेय गणवेशाचे कापड एकगठ्ठा घेऊन शिलाई महिला बचतगटांकडे सोपवण्याचा बेत झाला. अनेक शाळांत मुलांच्या अंगावर गणवेश वेळेवर पडला नाही, पडला तेथे मापाचा गोंधळ झाला, आणि पुढच्या वर्षापासून तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. आक्षेप बरोबर आहे, आणि त्यातून शिकावयाचे तेही स्पष्ट आहे. मुंबईत कापड आणि वाडीत माप, ही वाटणी चालत नाही. उषवदाताने नाशिकच्या भिक्षूंच्या चीवरांची ठेव ठेवण्यासाठी गोवर्धनचेच कोष्टी धरले, दूरच्या राजधानीचे नाही. मागणी लहान असावी, जवळची असावी, आणि दरवर्षी असावी.

शिवलेल्या नऊवारीचा उल्लेख येथे टाळला तर तो अप्रामाणिकपणा होईल. काष्टा आधीच घालून, निऱ्या आधीच शिवून, पायजम्यासारखी चढवावयाची ती साडी पाहून मी वर्षानुवर्षे नाक मुरडीत आलो. आजकाल मुरडीत नाही. लुगडे नेसणे ही नेसणारीच्या बोटांतली विद्या होती. ओचा किती, कासोटा कोठे खोचावा, शेतात जाताना घोळ किती वर घ्यावा, हे तिची आई तिला दाखवी. ती विद्या नेसणारीच्या बोटांतून निघून शिवणारीच्या बोटांत गेली, मेली नाही. कोण्या तरी चतुर शिंपिणीने नऊ वार कापडाच्या घड्या मनात उलगडून त्यांना कोठे टाके घालावेत हे शोधून काढले, आणि तिला कोणी पारितोषिक दिल्याचे ऐकिवात नाही. तिच्या शिलाई यंत्रासमोर मुलींची रांग लागते, कारण तिचा माल विकला जातो. आजींच्या चार शब्दांना तिने उत्तर दिले आहे.

जे विकले जाते ते टिकते, याचे एक दूरचे उदाहरण देतो. चीनच्या युनान प्रांतात, ब्रह्मदेशाच्या सीमेकडील डोंगरांत, ब्लांग नावाचे लोक राहतात. त्यांच्या स्त्रियांचा काळ्या-निळ्या सुती कापडाचा वेष, घट्ट बंडी आणि पट्टेदार घागरा, हा एके काळी घरच्या मागावर आणि घरच्या निळीत होई. त्या मुलखातील जिंगमाई डोंगरावरच्या जुन्या चहाच्या रानांस, जी ब्लांग आणि दाई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, २०२३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चहा जगभर विकला जातो, म्हणून चहाचे रान टिकले आणि त्याच्या सोबतीने राखणारे लोकही टिकले. आमच्या डोक्यावरचा लोहगडही २०२५ साली मराठा लष्करी वास्तूंच्या यादीतून जागतिक वारशात जाऊन बसला. डोंगराचे नाव झाले. पायथ्याच्या हातांचे काय?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगडवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. येणारा प्रत्येक जण पायथ्याशी पातळ प्लास्टिकचा अंगरखा घेतो, वर जाईपर्यंत तो फाटतो, आणि तो किल्ल्याच्या तटाच्या फटीत, करवंदीच्या जाळीत, विंचूकाट्याच्या वाटेवर लोंबत राहतो. याऐवजी पायथ्याशी इरली भाड्याने मिळाली, वर जाताना घ्यावीत, उतरताना परत करावीत, असे एखाद्या ग्रामपंचायतीने ठरवले, तर पर्यटकाला फोटो मिळेल, किल्ल्याला स्वच्छता मिळेल आणि इरले बांधणाऱ्याला पुढल्या वर्षीचे काम मिळेल. मी लावणीच्या बाईला पोते टाकून इरले घे असे सांगणार नाही. तिचे पोते फुकटचे आहे, हलके आहे, आणि तिच्या पाठीवर माझ्या रसिकतेचे ओझे घालण्याचा मला अधिकार नाही. ज्याला हौस आहे आणि खिसा आहे, त्याने हौसेचे दाम मोजावेत.

एकवीरेच्या डोंगरावर तर याहून सोपे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाला खेटून आईचे देऊळ आहे. चैत्र यात्रेस आणि नवरात्रात कोळी-आगरी आणि सारा कोकण तेथे लोटतो, आणि ओटी भरल्याशिवाय कोणी उतरत नाही. ओटीत खण लागतोच. पण आजचा ओटीचा खण हा शिवण्याचा खण राहिलेला नाही. तो त्रिकोणी घडीत एका ओटीतून दुसऱ्या ओटीत, तिच्यातून तिसरीत फिरत राहतो. त्याची घडी कोणी मोडत नाही, कारण मोडली तर त्यात एका चोळीचे कापड निघत नाही. हा फिरता खण म्हणजे आपल्या साऱ्या परंपरेचे मला चित्रच वाटते. देवस्थानांनी दरवर्षी ठरावीक संख्येने हातमागाचे, पुऱ्या चोळीचे खण गुळेदगुड्डच्या विणकरांकडून मागवावेत, भक्ताला तेच विकावेत, आणि त्यातल्या काही खणांच्या चोळ्या शिवून घेण्यासाठी आजींसारख्या दोघी-तिघींना दिवसाचा रोज देऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मुलींसमोर बसवावे. शिवणकामाच्या अभ्यासक्रमात आठवडाभराची ही एक चोळी बसवणे अवघड नाही. त्याच कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याची नोंद त्याच्या नावानिशी कोरलेली आहे. दान देणाऱ्या श्रेष्ठींच्या पंक्तीत सुताराचे नाव! आमच्या ट्रंकेतल्या चोळीवर कोणाचे नाव नाही. ती शिवणारी आजी हयात आहे म्हणून तरी कळले.

इरल्याचा हिशेब बोलण्यासाठी मी पौषात डोंगराकडच्या एका वाडीवर गेलो होतो. तेथे एक गृहस्थ अजून बांधतात, स्वतःपुरते आणि एखाद्या नातेवाइकापुरते. मी लोहगडची कल्पना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, तंबाखू मळली आणि व्यवहाराचे बोलले, “मास्तर, बांबू अवसेच्या अंधारात तोडावा लागतोय, न्हाईतर भुंगा लागतो. आन ते आताच, थंडीत. पानं वैशाखात. म्हंजी किती पायजेत त्ये मला माघाच्या आत सांगा.”

“किती?” त्यांनी पुन्हा विचारले.

माझ्याजवळ आकडा नव्हता. माघ उलटून गेला आहे.